घंटेची कुंची

जबल अलीत माझी खिडकी गोदामाकडे उघडते.
म्हणजे उघडत नाही, काच पक्की आहे;
पलीकडे उन्हानं पांढरे पडलेले कंटेनर.
माझं खरं काम रोज दहा ते बारा.
तेवढेच दोन तास, जेव्हा
स्लोव्हेनियात लोव्रोची भट्टी पेटलेली असते
आणि साप्पोरोत कुरोइवाबाई अजून घरी निघालेल्या नसतात.
बाकीचा दिवस मी फॉर्म भरते.

लोव्रोच्या कारखान्यात माणसं तीन:
तो, त्याचा मेहुणा, आणि शुक्रवारी न येणारा एक पोरगा.
आजोबांपासून गाईंच्या घंटा ठोकतात.
गावात आता गाईंपेक्षा घंटा जास्त झाल्या,
तो हसत म्हणाला,
आणि त्याच दमात विचारलं,
तुमची फी हप्त्यांनी चालेल का.

साप्पोरोकडच्या डोंगरांत अस्वलं आहेत.
चढणारी माणसं पिशवीला घंटा लावतात,
अस्वलाला आधीच कळावं, कोणी येतंय.
मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार,
लहानपणापासून ऐकत आले.
उत्तर असं निघेल हे मनात नव्हतं:
आपणच बांधून घ्यायची.

नमुने गेले. सहा आठवडे काही नाही.
मग कुरोइवाबाईंचं पत्र. चार ओळी हवामानाच्या.
पाचवीत, आवाज अतिशय सुंदर आहे.
सहावीत, आगगाडीत तो थांबवण्याची काही सोय
विचारात घेता आली असती, तर.
वाक्य तिथंच संपलं होतं.
त्या 'तर'ला पाचशे घंटा लटकलेल्या.

लोव्रो फोनवर ओरडला,
गप्प बसणारी घंटा हवी तर दगड घ्या म्हणावं!
मी कुरोइवाबाईंना लिहिलं:
कारागीर आपल्या सूचनेवर गांभीर्यानं विचार करत आहेत.
खोटं नव्हतं.
त्याच्याकडे विचार तसाच करतात.

लग्नात अंतरपाट धरायला दोघं लागतात.
इथे दोन्ही टोकं माझ्याच हातात,
आणि अक्षता कस्टम्समध्ये अडकलेल्या.

दुपारी गोदामातून झरवली आला,
खोकं हलवताना आत काही वाजलं म्हणून.
घंटा काढली, कानाशी धरली,
बराच वेळ धरून ठेवली.
कुठल्या जनावराची?
माणसाची, मी म्हटलं.
तो हसला नाही. आतल्या जिभेला अंगठा लावून म्हणाला,
आमच्याकडे रात्री कळप गुपचूप हलवायचा असला
की हिच्यात लोकर कोंबायचे.
मग ती तशीच, जीभ धरून, परत ठेवायला गेला.

शारजाच्या बसमध्ये, पुलाखाली गाड्या तुंबलेल्या,
मला शब्द सापडला, पण मराठीतला.
कुंची.
इंग्रजीत टोपी म्हणावं तर कमी पडतं,
झगा म्हणावं तर फार होतं,
आणि बाळाच्या टाळूला लागणारा तो ऊबदार काठ
कुठल्याच शब्दात बसत नाही.
शेवटी बसच्या तिकिटामागे चित्र काढलं, फोटो पाठवला.
खाली लिहिलं: गप्प नाही करायची. झोपवायची.

लोव्रो तीन दिवस बोलला नाही.
चौथ्या दिवशी त्याच्या बायकोकडून फोटो आला:
राखाडी नमद्याची एवढीशी कुंची,
आत घंटा, गाल फुगवून बसलेली,
हनुवटीखाली लाल बंद.
लाल बंद मी काढले नव्हते.

पुढचं सगळं कागदपत्रांचं.
कुंचीला कोड कुठला, कपड्याचा की घंटेच्या सुट्या भागाचा,
यावरच आठवडा गेला.
कुरोइवाबाईंनी आभार मानले, हवामानासकट.
लोव्रोनं पहिला हप्ता भरला, दुसरा भरेल.

एक नमुना माझ्याकडे राहिला.
त्याच्या बिलावर मीच टाइप केलंय:
व्यापारी मूल्य नाही.
रात्री बसथांब्यावरून घरी जाताना
मी तिचे बंद सोडते, पर्सला अडकवते.
अल नहदात अस्वलं नाहीत.